इशारा कोण देणार?

परवा रात्री साडेदहाला धुळ्याहून भाचीचा फोन आला. इतक्या उशिरा फोन वाजला की आधी काळजात धस्सच होतं, पण प्रकरण वेगळंच निघालं. तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगसाठी यंदा ऑर्केस्ट्रा बसवायचं काम तिच्याकडे आलंय. वाजवणारे अकरा, त्यातले नऊ मुलगे. ही लहानपणापासून पेटी शिकलेली, आता कीबोर्डही वाजवते. कुठल्या गाण्यात कोणी कुठे यायचं, कोणी कुठे थांबायचं, हे सगळं तिनेच कागदावर मांडलेलं. आणि तालमीच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगा तिला म्हणाला, "तू गाणं म्हण ना. इशारे मी देतो. मुलगी समोर हात हलवत उभी राहिली तर कसं दिसेल ते?"

"मावशी, मी भांडू शकले असते," ती म्हणाली, "पण मला उत्तरच सुचलं नाही. खरंच, अशी उभी राहिलेली बाई मी कधी पाहिलीच नाहीये गं."

शेजारी बसलेल्या आमच्या आईने अर्धंमुर्धं ऐकलं होतं. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "नुसता हात हालाडाले काय लागस वं?" तिला वाटलं, नात कवायतीला उभी राहणार आहे :)

आईला हसले खरी, पण रात्री झोप लागेना. नुसता हात हलवायला काय लागतं? प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि काही लागत नसेल, तर मग तो हात बाईचा असायला इतकी वर्षं का लागली? भाचीला म्हटलं, दोन दिवस दे, उत्तर शोधते. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. पुस्तकं काढली, जुन्या सिनेमांच्या नोंदी चाळल्या, आईला छळलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतेय. उत्तर जरा लांबलंय, पण त्याला इलाज नाही.

आधी आपल्या गावचंच बघू. आमच्याकडे खान्देशात लग्न म्हटलं की बॅण्ड आलाच. लाल-सोनेरी डगले, मोठा ढोल, ट्रम्पेटवाले, आणि सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट घेतलेला मास्टर. तो वरातीकडे पाठ करून, बॅण्डकडे तोंड करून, चक्क उलटा चालतो. रस्त्यातले खड्डे त्याला पाठीने कळतात की काय कोण जाणे! क्लॅरिनेट खाली घेऊन त्याने मूठ वर केली की वीस माणसं एकदम थांबतात. त्याने बोट फिरवलं की तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून. नवरदेवाच्या मित्रांनी कितीही गोंधळ घातला तरी वाजवणाऱ्यांची नजर त्या हातावर. त्या मास्टरला 'हा नुसता हात का हलवतो' असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आणि गणपतीतला ऑर्केस्ट्रा. जळगावात वाढलेल्या माझ्या पिढीला 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द तिथूनच माहीत. चौकात मांडव, रंगीत दिवे, चमचमती साडी नेसलेली गायिका, आणि तिच्या मागे कीबोर्डवर एक गृहस्थ. गायिकेचं नाव पाटीवर मोठं, टाळ्या तिला. पण गाणं सुरू व्हायच्या आधी ती वळून त्या गृहस्थांकडे बघायची. त्यांनी मान हलवली की मगच सुरुवात. म्हणजे बाईला गाताना आपण लहानपणापासून बघत आलोय. गाणं बाईचं, इशारा बुवाचा. इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही खटकतही नाही.

युरोपातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात हाच प्रकार जास्त उघड दिसतो. समोर ऐंशी-शंभर वादक, आणि चौथऱ्यावर उभा असलेला कंडक्टर हा त्या सगळ्यांत एकटा असा, की ज्याच्याकडून एकही सूर निघत नाही. साधारणपणे उजव्या हाताने तो लय दाखवतो. डाव्या हाताने कोणी यायचं, कोणी थांबायचं, कुठे चढायचं, कुठे हळू व्हायचं ते सांगतो. तालमी आधी झालेल्या असतातच, पण शंभर माणसांचा श्वास एकाच क्षणी सुटायला तो हात लागतो. त्याचं वाद्य म्हणजे समोर बसलेली माणसं. ती माणसं त्याचं ऐकायला तयार असली तरच ते वाजणार. माझ्या मते बाईची खरी अडचण इथे आहे. तिला संगीत येत नाही असं कुणी म्हणत नव्हतं. पुरुषांनी तिच्या इशाऱ्यावर चालायचं का, एवढाच प्रश्न होता.

अँटोनिया ब्रिको नावाच्या तरुण बाईने १९३० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभं राहून कार्यक्रम केला. लोकांनी वाखाणला. पण कायमची जागा? ती काही कुणी देईना. शेवटी १९३४ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये बायकांचाच ऑर्केस्ट्रा काढला. १९३८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभी राहणारी ती पहिली बाई ठरली, आणि तरीही मोठा ऑर्केस्ट्रा तिच्या हाती कायमचा कधी आला नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर बायकांना नुसतं वादक म्हणून सभासद करून घ्यायला १९९७ साल उजाडवलं. मॅरिन ऑल्सॉपची अमेरिकेतल्या बाल्टिमोर सिम्फनीची संगीत दिग्दर्शक म्हणून २००५ मध्ये निवड झाली, तेव्हा तिथल्या वादकांनी जाहीर नाराजी दाखवली होती. ती त्यांच्यासमोर गेली, बोलली, आणि २००७ मध्ये पहिला हंगाम सुरू केला. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राची प्रमुख झालेली ती पहिली बाई. पुढे २०२१ पर्यंत ती तिथे होती. म्हणजे ज्या देशांना आपण पुढारलेले म्हणतो तिथलीही ही तऱ्हा.

मग आपल्याकडे? मी गृहीतच धरलं होतं की आपल्याकडे काहीच सापडणार नाही. आणि सापडलं ते १९३५ सालचं, आपल्या मुंबईतलं!

त्या वर्षी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. (झुबीन मेहतांचे वडील. झुबीन स्वतः पुढच्या वर्षी जन्मले.) आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, मेहतांच्याच पारशी समाजातली एक तेवीस वर्षांची मुलगी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये संगीत विभागाची प्रमुख झाली. तिचं नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. पहिल्या गोष्टीचा समाजाला अभिमान वाटला. दुसरीवरून निदर्शनं झाली.

खुर्शीद पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे शिकलेली. धृपद-धमार शिकली, लखनौच्या मॅरिस कॉलेजातही गेली. मुंबईत रेडिओ १९२७ मध्ये सुरू झाला, आणि काही काळाने त्यावर या होमजी बहिणींचा कार्यक्रम होऊ लागला. बहिणी-बहिणी मिळून गात, वाजवत. मला यातली भातखंड्यांची शिकवण फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे गाणं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायचं, कागदाचा संबंध नाही. भातखंड्यांनी ते स्वरलिपीत उतरवलं, आणि त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' तर मराठीत लिहिली. एकट्याला गायचं असेल तर कागद नसला तरी चालतं. दहा माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट सांगायची असेल तर कागदावर मांडता येणं ही मोठी ताकद. (आमच्या भाचीचा तो कागद आठवा.)

हिमांशु रॉय यांनी तिचं गाणं ऐकून तिला स्टुडिओत बोलावलं. बॉम्बे टॉकीज १९३४ मध्ये सुरू झालेली, म्हणजे कंपनीही नवीनच. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग जर्मन, नायिका देविका राणी. पहिला चित्रपट 'जवानी की हवा'. त्यात खुर्शीदने संगीत द्यायचं, आणि तिची बहीण माणेक हिने पडद्यावर काम करायचं.

ही बातमी फुटली आणि गहजब झाला. पारशी घरातल्या मुली सिनेमात! समाजातल्या वजनदार मंडळींनी विरोध केला, कंपनीच्या संचालक मंडळावर जे पारशी होते त्यांच्यावर दबाव आला. रॉय हटले नाहीत, पण त्यांनी एक तोड काढली. नावं बदलली. माणेक झाली चंद्रप्रभा, आणि खुर्शीद झाली सरस्वती देवी.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं. संगीताच्या देवतेचंच नाव दिलं, मानच दिला म्हणायचा. पण ते स्वतःचं नव्हे. आपल्या नावाने काम करायची सोय राहिली नाही म्हणून घेतलेलं ते नाव. तेविसाव्या वर्षी नोकरीच्या पहिल्याच टप्प्यावर तिने हे मान्य केलं. तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल?

आता तिचं रोजचं काम काय होतं ते बघा, कारण 'संगीतकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पेटीवर चाल बांधणारा माणूस येतो. १९३५ साली प्रकरण वेगळं होतं. आधी गाणं ध्वनिमुद्रित करायचं आणि मग त्यावर नटांनी ओठ हलवायचे, ही पद्धत त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये नुकती आणली होती. एरवी नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचे, आणि त्याच वेळी वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून वाजवायचे. झाडामागे, पडद्यामागे, जिथे जागा मिळेल तिथे. नटाच्या डोक्यावर माइक. कॅमेरा फिरू लागला की कुणी ब्र काढायचा नाही. तबला जवळ बसला तर आवाज दाबणार, लांब बसला तर ऐकूच येणार नाही. एकाचा ठेका चुकला तर सगळं पुन्हा, आणि फिल्म फुकट.

अशा ठिकाणी तोंडाने काही सांगताच येत नाही. तिथे चालतो तो फक्त हात. नटाला आणि वादकांना दिसेल, पण कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. चौथरा नाही, छडी नाही, टाळ्या तर नाहीतच. कंडक्टर या शब्दाचा युरोपातला सगळा थाट काढून टाकला तर शेवटी जे उरतं ते हेच काम.

त्यातून गाणारे गायकही नव्हते! 'जवानी की हवा'च्या वेळी चंद्रप्रभाचा गळा बसला, तेव्हा बहिणीने ओठ हलवायचे आणि सरस्वती देवींनी आडून गायचं अशी वेळ आली, असं सांगतात. पुढच्या 'जीवन नैया'च्या वेळी तर नायक नज्मुल हसनच देविका राणीला घेऊन पळाला. देविका राणी परत आल्या, नायकाला मात्र नारळ मिळाला. त्याच्या जागी रॉय यांनी स्टुडिओच्या लॅबमध्ये काम करणारा एक लाजरा मुलगा उभा केला. कुमुदलाल गांगुली, म्हणजे आपले अशोककुमार. ज्याला धड अभिनय करायचा नव्हता त्याच्याकडून गाणी म्हणवून घ्यायची होती. सरस्वती देवींनी काय केलं? चाली सोप्या केल्या. धृपद-धमार शिकलेल्या बाईने आपली विद्या दाखवायचा मोह बाजूला ठेवला आणि समोरच्याच्या गळ्याला झेपेल एवढंच दिलं. लहान पट्टीतले सूर, सरळ ठेका, श्वास घ्यायला जागा.

या बांधणीचं फळ १९३६ च्या 'अछूत कन्या'त दिसलं. झाडाखाली बसून अशोककुमार आणि देविका राणी म्हणतात ते पाखरांचं गाणं अख्ख्या देशाच्या ओठांवर गेलं. आमच्या आईची आई ते गुणगुणायची, असं आई सांगते. आजीला ना संगीतकाराचं नाव माहीत होतं, ना ती बाई आहे हे. पण सरस्वती देवींनी ते न-गायकांसाठी बांधलं होतं, म्हणून तर भाकरी थापताना आजीलाही ते जमायचं! मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. अवघड गाणं ऐकून माना डोलावतात, सोपं गाणं घरी येतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. सरस्वती देवींना अनेक ठिकाणी 'पहिली स्त्री संगीतकार' म्हटलेलं आढळतं. ते काटेकोरपणे खरं नाही. त्यांच्या आधी, १९३४ मध्ये बिब्बो म्हणजे इशरत सुलतानाने 'अदल-ए-जहाँगीर'ला संगीत दिलं होतं, आणि १९३५ मध्येच जद्दनबाईंनी (नर्गिसच्या आई) 'तलाश-ए-हक' केला. दोघी मोठ्या गायिका. पण त्या ज्या परंपरेतून आल्या तिथे बाईने गाणं, मैफल चालवणं, साजिंद्यांना सांभाळणं हे नवं नव्हतं. समाजाने त्यांना आधीच उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यामुळे निदर्शनं करायला कुणी आलं नाही. सरस्वती देवींचं वेगळेपण असं की त्या एका कंपनीत पगारावर, वर्षानुवर्षं, विभागप्रमुख होत्या. 'जन्मभूमी', 'कंगन', 'बंधन', 'झूला'... १९४१ पर्यंत बॉम्बे टॉकीजच्या एकामागून एक चित्रपटांवर त्यांचं नाव आहे. बाईने नोकरी म्हणून पुरुष वादकांना रोज इशारे दिले, आणि काम चाललं. पहिलेपणापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

त्यानंतर मात्र जागा आवळत गेली. वाद्यवृंद मोठे झाले, आणि गोव्याहून आलेले, नोटेशन वाचणारे वादक मुंबईच्या स्टुडिओत स्थिरावले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस ही त्यातली मोठी नावं. संगीतकार चाल देणार, अरेंजर ती वाद्यांत वाटणार आणि तालीम घेणार, अशी कामाची वाटणी झाली. गोन्सालविसांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शंभराहून अधिक वादकांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात एकट्याने गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुन्हा तेच बघा. बाई होती, पण गायला.

लताबाईंचं नाव निघालं की आम्हा खान्देशी लोकांना राहवत नाही :) त्यांचं आजोळ आपलं! धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावरचं थाळनेर. एकेकाळी फारुकी सुलतानांची राजधानी. लताबाईंच्या आई, माई मंगेशकर, तिथल्या. गुजराती आजीकडून ऐकलेले गरबे लताबाईंच्या कानात लहानपणापासून होते.

पण मी सांगतेय ती गोष्ट गाण्याची नाही, संगीत देण्याची आहे. १९५० मध्ये दिनकर द. पाटलांच्या 'राम राम पाव्हणं'ला लताबाईंनी संगीत दिलं, स्वतःच्या नावाने. वय एकवीस. त्यानंतर थेट १९६३. भालजी पेंढारकरांना 'मोहित्यांची मंजुळा'साठी संगीतकार हवा होता. लताबाई म्हणाल्या, मी देते. भालजींनाच संकोच वाटला. चित्रपट पडला तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा लागायचा. तेव्हा तोड निघाली ती ओळखीचीच, नाव बदला! लता मंगेशकरांची झाली 'आनंदघन'. मग 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५), 'तांबडी माती' (१९६९). 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला. समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं तेव्हा कुणी उठेना, आणि आनंदघन म्हणजे इथेच बसलेल्या लताबाई, हे शेवटी मंचावरून सांगावं लागलं, असं सांगतात.

गंमत म्हणून ऐकायला हे छान आहे. पण सरस्वती देवींच्या शेजारी ठेवून बघा. एकीला समाजाच्या भीतीने नाव बदलावं लागलं. दुसरीवर कुणाची सक्ती नव्हती, तिची कीर्ती आभाळाएवढी होती. तरी गाताना जे नाव पणाला लावायला भीती वाटली नाही, ते संगीत देताना झाकून ठेवलं गेलं.

आणि तिसरी उषा खन्ना. १९५९, 'दिल देके देखो', वय अठरा! शम्मी कपूर, आशा पारेख, नासिर हुसेन, आणि संगीतकार एक कॉलेजवयीन मुलगी. गाणी धो धो चालली. तिने नाव स्वतःचंच लावलं होतं. तर लोक काय म्हणाले? ही ओ. पी. नय्यर यांची गाणी दिसतात, त्यांनीच करून दिली असणार. चालींवर नय्यर यांची छाप होती हे खरं. पण नय्यरांची छाप असलेले पुरुष संगीतकार काय कमी होते? त्यांना 'नकल करतो' म्हटलं गेलं. 'दुसऱ्याने करून दिलं' हे फक्त हिच्याबद्दल. पुढे 'सौतन'पर्यंत आणि नंतरही तिने काम करून दाखवलं, तेव्हा कुठे ती कुजबुज थांबली.

सरस्वती देवींच्या बाबतीत तर आणखी एक टोक आहे. 'जीवन नैया'त अशोककुमारांनी म्हटलेलं एकाकीपणाचं गाणं धाकट्या भावाच्या, किशोरकुमारच्या मनात घर करून राहिलं. १९६१ च्या 'झुमरू'त ते त्याने स्वतः गायलं, आणि अप्रतिम गायलं. आजही लोक ते त्याचंच म्हणून ऐकतात, आणि 'झुमरू'चा संगीतकार म्हणून पडद्यावर नाव आहे ते किशोरकुमारचं. सरस्वती देवी तेव्हा हयात होत्या. त्या गेल्या १९८० मध्ये.

हे सगळं वाचताना मला आमचं जळगाव आठवत राहिलं. नारायण राजहंस नावाच्या पोराने मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवले ते या गावात. पुढे बालगंधर्व होऊन त्यांनी शालू नेसला आणि महाराष्ट्र वेडा झाला. बायका रंगभूमीवर येऊ शकत नव्हत्या म्हणून पुरुषाला बाई व्हावं लागलं. त्यांच्या नावाचं नाट्यगृह आज गावात आहे, आणि ते असायलाच हवं. आणि याच जळगावात बहिणाबाई चौधरी जात्यावर दळता दळता ओव्या रचत होत्या. लिहिता येत नव्हतं, मुलाने आणि नातेवाइकांनी टिपून घेतलं, आणि पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. भाचीच्या गुणपत्रिकेवर दर सहामाहीला ते छापून येतं. नाव मिळतं, उशिरा का होईना. पण ज्यांना मिळायला हवं होतं त्या तेव्हा नसतात.

भाचीला मी एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. सरस्वती देवींची गोष्ट सांगितली, ऑल्सॉपची सांगितली. शिवाय पंढरपूरला जन्मलेली आणि तान्हेपणीच डेन्मार्कला दत्तक गेलेली मारिया बॅडस्टू आज युरोपात कंडक्टर म्हणून नाव कमावून आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पंढरपूरची बाई उभी राहते, तर धुळ्याची का नाही!"

गॅदरिंगच्या दिवशी मी आणि आई सकाळच्या एसटीने निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत आईची कंबर मोडली, पण यायचा हट्ट तिचाच. हॉलमध्ये गर्दी, शिट्ट्या, माइकची कुई-कुई. पोरं वाद्यं लावत होती. इशारे मी देतो म्हणणारा तो मुलगा ड्रमवर होता. भाची मधोमध आली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. वेणी दिसत होती, आणि उजवा हात. तो जरा थरथरत होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "गाणं म्हण गाणं!" ती वळली नाही. हात वर गेला, आणि मी पाहिलं की अकराच्या अकरा नजरा त्या हातावर होत्या. ड्रमवाल्याचीसुद्धा.

दुसऱ्या गाण्यात बासरी एक मात्रा आधी घुसली, तिने डाव्या हाताने तिला थोपवलं आणि गाणं सावरलं. हॉलमधल्या कुणाला कळलंही नसेल. आईला मात्र कळलं. तिने माझा हात दाबला आणि कानाशी येऊन विचारलं, "आते थांबाडं ना तिनी?"

हो आई. तिनेच थांबवलं.

घरी आल्यावर मी कार्यक्रमाची छापील पत्रिका बघितली. गायक-गायिकांची नावं होती, वादकांची होती, निवेदकाचं होतं, आभारात मंडपवाल्याचंही होतं. ऑर्केस्ट्रा कोणी बसवला ते छापायचं राहून गेलं होतं. मी पेन काढलं, खाली तिचं नाव आणि तारीख लिहिली, आणि पत्रिका आईच्या पोथीत ठेवून दिली.